टायमिंग बेल्ट कधी बदलावा, खर्च किती येतो: कोकणातल्या गाडीवाल्यांसाठी

गाडी दहा वर्षांची आणि मीटरवर जेमतेम ४५ हजार किलोमीटर. कोकणात अशी गाडी दर वाडीत एक तरी सापडते. मालक मुंबईला, गाडी गावी माडाखाली ताडपत्री पांघरून उभी. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत तेवढी चावी फिरते. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या आतल्या पट्ट्याचं, विचारलं की उत्तर ठरलेलं: "लाखाला बदलायचा ना? अजून निम्मेसुद्धा झाले नाहीत." पण बेल्ट रबराचा, आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी बहुधा वर्षंही छापलेली असतात. दोन्हींतलं जे आधी भरेल ते धरायचं. किनाऱ्यावरच्या घरगुती गाड्यांत बहुतेक वेळा वर्षंच आधी भरतात.

आधी बघा, बेल्ट आहे की चेन

कित्येक गाड्यांत टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते. के-सिरीज पेट्रोल इंजिनाच्या वॅगन-आर आणि स्विफ्ट, १.३ लिटर डिझेलच्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, १.२ कप्पा इंजिनाची आय-टेन, टोयोटा इटिऑस, इनोव्हा क्रिस्टाचं २.४ डिझेल, होंडा अमेझचं डिझेल या सगळ्या चेनच्या. चेनला बेल्टसारखी ठरलेली मुदत नसते. ऑइल वेळेवर बदलत राहायचं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला खळखळ येते का तिकडे कान ठेवायचा, एवढं पुरतं.

बेल्टवाल्या गाड्या या: मारुती ८००, ऑल्टो ८००, ओम्नी, सँट्रो झिंग आणि १.१ लिटरची आय-टेन, डिझेल इंडिका, क्वालिस आणि २.५ लिटर डिझेलची जुनी इनोव्हा; फिगो-इकोस्पोर्टचं डिझेल; डस्टर, टेरानो, लोगन, व्हेरिटो यांचं १.५ डिझेल, पोलो, व्हेंटो, रॅपिडचं डिझेल, कंपास, हॅरियर, हेक्टर यांचं २ लिटर डिझेल. फोर्डच्या १ लिटर इकोबूस्ट पेट्रोलची तऱ्हा निराळी. तिचा बेल्ट इंजिन ऑइलमध्येच चालतो. तिथे भलत्या ग्रेडचं ऑइल घातलं तर बेल्ट झिजतो, फुगतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑइलच मिळेनासं होतं. यादीत आपली गाडी नसेल तर चासी नंबर सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा. एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत एकीला बेल्ट, दुसरीला चेन असं सर्रास असतं.

नवखे हमखास गोंधळतात ते फॅन बेल्टशी. बॉनेट उघडल्यावर बाहेरून दिसतो तो पट्टा अल्टरनेटर आणि एसी फिरवतो. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना चीं-चीं आवाज येतो तो बहुतेक याचाच. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत झाकलेला असतो, बाहेरून दिसत नाही. जुन्या बिलावर नुसतं "पट्टा बदलला" असं लिहिलं असेल तर तो टायमिंगचा होता असं धरू नका. बिलाची रक्कम पाचशे-सातशे असेल तर तो फॅन बेल्टच होता.

तुटला तर काय होतं

क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व (झडपा) उघडणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, आणि हा हिशेब बेल्टचे दात सांभाळतात. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही व्हॉल्व उघडेच राहतात, आणि क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरत असतो. डिझेल इंजिनांत आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत वर आलेल्या पिस्टनला उघड्या व्हॉल्वसाठी जागा उरत नाही. व्हॉल्व वाकतात, गाईड (व्हॉल्व ज्यात सरकतात त्या नळ्या) फुटतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो. बेल्ट न तुटता दोन-तीन दात सरकला तरी हीच गत होऊ शकते. आणि या सगळ्याची आगाऊ सूचना बहुतेक वेळा मिळत नाही.

मुदत किती धरायची

बहुतेक कंपन्यांची मुदत ६० हजार ते दीड लाख किलोमीटर या पट्ट्यात असते. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलच्या मेंटेनन्सच्या तक्त्यात असतो, तोच खरा. वर्षांचा रकाना कोरा असेल किंवा मॅन्युअलच हरवलं असेल तर कोकणात पाच वर्षं ही मर्यादा धरावी, फार तर सहा. त्यापुढे जाणं हा जुगार आहे.

इथे मुदत आखडती का घ्यायची याला कारणं आहेत. खाऱ्या दमट हवेत लोखंडी पुलीवर गंजाचा थर चढतो आणि तो बेल्टची पाठ किंवा दात घासत राहतो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) यांच्या बेअरिंगमध्ये ओल शिरते. गाडी चार-चार महिने हलली नाही की बेल्ट क्रँकच्या लहान पुलीवर एकाच जागी वळलेल्या अवस्थेत राहतो. जांभ्याची तांबडी धूळ कव्हरच्या फटीतून आत जाते. उंदरांचं तर विचारूच नका, इंजिनजवळच्या उबेला ते वायरिंगही सोडत नाहीत. त्यात कव्हरची एखादी क्लिप जुन्या दुरुस्तीत हरवलेली असली तर आत जायला मोकळी वाटच.

आणखी एक गोष्ट मीटर सांगत नाही. माणगावच्या कोंडीत गाडी दोन तास रांगली तर मीटरवर चार-पाच किलोमीटर पडतात, पण बेल्ट दोन तास फिरलेला असतो. आंबा घाट किंवा करूळ घाट दुसऱ्या गिअरवर चढतानाही तेच: अंतर कमी, फेरे जास्त, वर इंजिनची धग. काही टोयोटा डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो, पण तो फक्त किलोमीटर मोजतो. वर्षं त्याला कळत नाहीत. मागच्या बदलीनंतर तो रीसेट केला नसेल तर किलोमीटरच्या बाबतीतही त्याचा भरवसा नाही.

कव्हर उघडून बघून ठरवू का, असं पुष्कळ जण विचारतात. बघा जरूर. वरचं प्लास्टिक कव्हर बऱ्याच गाड्यांत दोन-तीन क्लिपा किंवा दहा नंबरच्या पान्याचे बोल्ट काढले की सुटतं. इंजिन बंद आणि थंड असू द्या, टॉर्च लावा आणि बेल्टची कड बघा. दोरे सुटलेले, दाताच्या मुळाशी चिरा, पाठ काचेसारखी चकचकीत, ऑइलने ओली, किंवा कव्हरच्या तळाशी काळा भुगा, यांतलं काहीही दिसलं तर मुदत संपली असं समजा आणि गाडी लांब पळवू नका. पण बेल्ट चांगला दिसला म्हणून मुदत वाढत नाही. अलीकडचे बेल्ट ज्या रबराचे बनतात त्यावर शेवटपर्यंत चिरा दिसत नाहीत. आतली दोरी थकते आणि वरून पट्टा नवाच वाटतो.

बेल्टसोबत काय काय बदलायचं

नुसता बेल्ट बदलणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर. टेन्शनर आणि आयडलर बेल्टइतकेच फिरलेले असतात. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर आठवड्यापूर्वीचा नवा बेल्टही तुटतो. म्हणून संच म्हणजे किटच घ्यायचं.

वॉटर पंपाचं इंजिनवर अवलंबून आहे. डस्टर आणि पोलोच्या डिझेलमध्ये पंप टायमिंग बेल्टवरच चालतो. तिथे बेल्टसोबत पंप बदलायचाच, कारण पुढे तो गळला तर सगळी उस्तवार पहिल्यापासून, आणि गळलेला कुलंट नव्या बेल्टवर. जुनी ऑल्टो किंवा सँट्रो असेल तर पंप बाहेर, फॅन बेल्टवर असतो. गळत नसेल तर हात लावायचं कारण नाही. क्रँक आणि कॅमचे पुढचे ऑइल सील ओले दिसले तर त्याच वेळी बदला. सील शे-दोनशे रुपयांपासून मिळतो, पण नंतर बदलायचा तर मजुरी पुन्हा पूर्ण. काही इंजिनांत क्रँक पुलीचा बोल्ट ताणून बसवायचा असतो आणि एकदा सुटला की दुसऱ्यांदा वापरत नाहीत. तो किटमध्ये नसला तर वेगळा मागवावा लागतो. फॅन बेल्ट तसाही काढावाच लागतो, जुना असेल तर जाता जाता नवा घाला.

पंप बदलला की कुलंट नवा. इंजिनप्रमाणे पाच ते सात लिटर लागतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, बहुधा निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नको, समुद्राजवळच्या मचूळ विहिरीचं तर नकोच. त्यातले क्षार नव्या पंपाचं सील खातात.

खर्च

पुढचे आकडे सुटे भाग आणि मजुरी धरून, बाहेरच्या चांगल्या गॅरेजचा ढोबळ अंदाज आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला यापेक्षा पाव ते निम्मा जास्त धरा.

जुनी ऑल्टो, ओम्नी, मारुती ८००: अडीच ते साडेचार हजार.
सँट्रो झिंग, १.१ आय-टेन, डिझेल इंडिका: चार ते सात हजार.
जुनी इनोव्हा डिझेल: आठ ते चौदा हजार.
डस्टर, टेरानो डिझेल, पंपासह: बारा ते वीस हजार.
पोलो, व्हेंटो, रॅपिड डिझेल, पंपासह: अठरा ते तीस हजार.

सुट्या भागांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. तेव्हा एखाद्याने जुन्या दरपत्रकावरून हिशेब केला तर विचारा. मजुरीत फरक का पडतो तेही समजून घ्या: ऑल्टोचं काम तीन-चार तासांत उरकतं, डस्टर-पोलोला सावकाश धरलं तर आख्खा दिवस जातो.

बेल्ट तुटल्यावरचा खर्च वेगळाच. हेड (इंजिनाचा व्हॉल्व असलेला वरचा भाग) काढणं, व्हॉल्व, गाईड, हेड गॅस्केट, मशीन शॉपचं काम, वर हेच सगळं बेल्ट किट. लहान पेट्रोल गाडीला पंधरा-वीस हजारांपासून सुरुवात, डिझेलला पन्नास हजारांच्या पुढे सहज, आणि पिस्टनपर्यंत गेलं तर लाख. गाडी जुनी असेल तर तिच्या किमतीइतका. नेहमीच्या मोटार विम्यात हा खर्च बसत नाही. यांत्रिक बिघाड आणि झीज त्यातून वगळलेली असते. इंजिन प्रोटेक्टचं जास्तीचं कव्हर घेतलेलं असतं ते मुख्यतः इंजिनात पाणी शिरण्यासाठी, म्हाताऱ्या बेल्टसाठी नाही.

काम कधी काढायचं, माल कुठून

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात कोकणातल्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा हे काम देऊ नका. घाईत केलेलं टायमिंग नंतर रडवतं. मार्च किंवा नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. मे महिन्यात गाडी गावी लागणार असेल तर एप्रिलच्या आधी उरका.

ऑल्टोचं किट तालुक्याच्या गावी दुकानात मिळून जातं. डस्टर किंवा पोलोचं किट बऱ्याचदा कोल्हापूर किंवा मुंबईहून पार्सलने येतं, दोन ते चार दिवस धरा. म्हणून गाडी खोलायच्या आधी माल हातात असला पाहिजे. ऑर्डर देताना मॉडेलचं नाव पुरत नाही. आरसी बुकावरचा चासी नंबर द्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन सालांत दातांची संख्या किंवा बेल्टची रुंदी वेगळी निघू शकते. कंपनीचा ओरिजिनल माल किंवा गेट्स, कॉन्टिनेंटल, आयएनए, एसकेएफ, डेको यांचं किट चालतं. या नावांचा नकली मालही बाजारात आहे. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करत असेल तर तिथून घेऊ नका. बेल्टवरची किंवा खोक्यावरची तारीख बघा; दुकानात पाच-सहा वर्षं पडलेला बेल्ट नवा म्हणून घेऊ नये. घरी आणल्यावर पिळू नका, उलटा करू नका, गुंडाळून रबरबँड लावू नका. घट्ट वळवला की आतल्या दोऱ्या मोडतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

कामाच्या दिवशी

नवख्याने हे काम स्वतः करू नये. पण मेस्त्री काय करतोय हे कळलं पाहिजे.

इंजिन थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटते, बहुतेक गाड्यांत उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक निघतं. ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा टेकू दिला जातो, मग त्या बाजूचं इंजिन माउंटिंग. ठोकळा न ठेवता जॅक थेट चेंबरला लावत असेल तर थांबवा, पत्रा दबतो. फॅन बेल्ट, क्रँक पुली आणि कव्हरं निघाली की बेल्ट समोर येतो.

आता खरा भाग. पट्टा सोडायच्या आधी इंजिन पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) आणून क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवतात. जुन्या ऑल्टोत खुणांवर भागतं. डस्टर किंवा फोक्सवॅगनच्या डिझेलला क्रँक आणि कॅम जागीच धरून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. काही इंजिनांत पुलीला चावी (पुली दांड्यावर सरकू न देणारी खुंटी) नसते, ती नुसत्या बोल्टच्या दाबावर बसते. बोल्ट सैल झाला की पुली कुठेही फिरते आणि पांढऱ्या पेंटच्या खुणांना अर्थ उरत नाही. म्हणून काम द्यायच्या आधीच विचारा, "या इंजिनाचा टायमिंग टूल आहे का?" नसेल तर दुसरं गॅरेज. मेस्त्री कितीही नावाजलेला असो.

नवा बेल्ट क्रँकपासून घालायला घेतात आणि ताणाची बाजू अजिबात सैल न ठेवता टेन्शनरच्या बाजूला संपवतात. बेल्टवर बाण असेल तर तो इंजिन फिरण्याच्या दिशेने. बऱ्याच टेन्शनरवर काटा आणि खाच असते. काटा खाचेत आला की बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्याला आवळायचा, अंदाजाने नाही. बेल्टवर स्प्रे, ऑइल, ग्रीस काही मारायचं नाही.

यानंतरच्या पाच मिनिटांना तिथे हजर राहा. लॉकिंग पिना काढलेल्या असल्या पाहिजेत. क्रँकच्या बोल्टवर लांब पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचं. कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेचा, दाब लागतो तो मऊ असतो, जोर दिला की हळूहळू सुटतो. पण एका जागी ठक्क करून कडक अडलं तर पिस्टन व्हॉल्वला टेकलाय. तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही, पट्टा पुन्हा काढायचा. अडलं नाही तर दोन फेऱ्यांनंतर खुणा किंवा पिना पुन्हा बसतात का आणि टेन्शनरचा काटा खाचेतच आहे का, हे बघायचं. हे न करता थेट स्टार्टर मारणारा मेस्त्री तुमच्या व्हॉल्ववर नाणं उडवतोय.

स्टार्ट झाल्यावर इंजिन पूर्वीसारखंच पहिल्या चावीला लागलं पाहिजे. शीळ घातल्यासारखा आवाज आला तर बेल्ट जादा आवळलाय. कव्हरवर फटफट आली तर सैल आहे. गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ००१६ हा कोड आला तर क्रँक-कॅमचा मेळ चुकलाय, बहुधा एखाद्या दाताने. "चालून चालून बसेल" हे उत्तर ऐकून घेऊ नका. कुलंट बदलला असेल तर हीटर चालू ठेवून रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा, हवा निघू द्या, आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा.

जुने भाग मागून घ्या. जुना टेन्शनर हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर किट घेतल्याचे पैसे वसूल. बिलावर भागांचे नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या, आणि तीच तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा; पावसाळी दमटपणात साधा कागद टिकत नाही, वर पारदर्शक टेप लावा. पाचशे-हजार किलोमीटर झाले की कुलंटची पातळी आणि कव्हरखालची जागा एकदा तपासा.

घाटात तुटलाच तर

इंजिन एकदम बंद पडतं आणि स्टेअरिंग जड होतं. ब्रेक मात्र पहिल्या दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्यूम धरून असतो. म्हणून उतारावर ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरून गाडी कडेला घ्या. क्लच दाबलेला ठेवा, म्हणजे चाकं इंजिनला फिरवणार नाहीत. थांबल्यावर हँडब्रेक, चाकाला दगड, हॅझार्ड दिवे.

मग एकदाच चावी मारून बघा. स्टार्टर नेहमीच्या अडखळत्या लयीऐवजी सुसाट, हलका फिरला तर कॉम्प्रेशन गेलंय, बेल्ट तुटलाय असं समजा. दुसऱ्यांदा मारू नका. धक्का मारून तर अजिबात सुरू करायची नाही. अजून सरळ राहिलेले व्हॉल्वही त्यात वाकतात. गाडी टो करूनच न्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर तो नंबर फोनमध्ये आधीच ठेवा आणि कागदावरही, कारण घाटात रेंज असेलच असं नाही.

जुनी गाडी घेताना

बेल्ट बदलल्याचं भागांच्या नंबरासह बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. त्या काळातली, त्या भागातली गाडी स्वस्तात मिळत असेल तर टायमिंगचं खालचं कव्हर काढायला लावा. सीट आणि कार्पेट धुता येतात, पण कव्हरच्या कोपऱ्यात आणि बोल्टच्या खाचांत वाळलेला गाळ तसाच राहतो. गाळ दिसला तर बेल्ट, टेन्शनर, पंप हे सगळं विनाचर्चा नवं, आणि ते बदलेपर्यंत गाडी टो करूनच हलवा.